इंग्रजी विसरलेला माणूस

मुलीला फोन करायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून मी इंग्रजी विसरायचं ठरवलं.

नुसतं "सहज केला गं" म्हटलं, की ती "बाबा, मीटिंगमध्ये आहे" म्हणते. शंका विचारली, की मात्र थांबते. (ऑफिसातली सगळी इंग्रजी पत्रं माझ्या हातची, हे तिला सांगायची गरज नव्हती.) तिची आई गेल्यापासून घरात आवाज करणारा फक्त फ्रिज, आणि तोही घरघरतो. फार एकटं वाटतं हो.

"बिग आणि लार्जमध्ये फरक काय गं?" असा मी श्रीगणेशा केला. मग सी आणि वॉच, हिअर आणि लिसन. आठवडा झकास गेला. पुढच्या शंकेला मात्र तिचा आवाज काळजीचा झाला.

"बाबा, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत."

दुसऱ्याच दिवशी शेजारचे डॉक्टर दारात हजर. हातातल्या फोनच्या स्पीकरवर कन्या. "डॉक्टर, बाबा विसरायला लागलेत. नीट तपासा. काळजीचं असेल तर मी लगेच निघते, तिकीट काढून ठेवलंय."

निघते! मी तिथल्या तिथे नापास व्हायचं ठरवलं.

"आज वार कोणता?"

"रविवार असावा." (बुधवार होता.)

"शंभरातून सात गेले तर?"

"जाऊ द्या की, कशाला अडवायचं?"

"मुलीचं नाव?"

तेवढं मात्र खोटं सांगवेना. बरोबर सांगितलं.

डॉक्टर फोनला म्हणाले, "घरी दुसरं कुणी नाही ना, लोनली असतात ते."

झालं! माझ्यातला हेडक्लार्क उसळला.

"चूक! दुसरं कुणी नसणं म्हणजे अलोन. लोनली वेगळं. अलोन माणूस मजेत असू शकतो. लोनली माणूस बेल वाजली की चुकीच्या पत्त्यावर आलेल्यालाही चहा विचारतो. वाक्यात उपयोग करून दाखवू?"

"अगदी पूर्वीसारखं समजावलंत, बाबा!" ती आनंदानं ओरडलीच. "तुम्हाला काही झालेलं नाही. मी तिकीट कॅन्सल करते."

डॉक्टर पाठ थोपटून गेले. मी जरा वेळ थांबून फोन लावला.

"कॅन्सल आणि पोस्टपोनमध्ये फरक काय गं?"

"पुरे हं बाबा," ती खळखळून हसली, "आता नाही फसणार. तुम्हाला सगळं येतं!"