बारा मीटरवरची वाफ

ई-सिगारेट ओढायच्या आधी टेपनं अंतर मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. इस्माईल परकार.

जेद्दाच्या दक्षिण टोकाला आमच्या कंपनीचं गोदाम आहे. हॉस्पिटलच्या खाटा, व्हीलचेअर, ऑक्सिजनची यंत्रं असा सगळा माल. इस्माईलभाई तिथले स्टोअरकीपर आणि मी ऑफिसातला कारकून. गोदामाच्या मागच्या दारापासून बरोबर बारा मीटरवर त्यांनी जमिनीवर पिवळी रेघ मारली होती, फोर्कलिफ्टची वाट आखायच्या रंगानं. रेघेपलीकडे दोन लाकडी पॅलेट एकावर एक ठेवून केलेलं बाकडं. दर सहा महिन्यांनी ते टेप घेऊन रेघ पुन्हा मोजत. जणू मधल्या काळात गोदाम सरकलं असेल.

"बारा मीटर कुठल्या कायद्यात आहे हो?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"कुठल्याच नाय. कायद्यात नुसतं लांब बसा म्हटलंय. लांब म्हणजे किती, ते कुणीतरी ठरवायला नको? कायदा वाच, साळवी, कायदा वाच!"

'कायदा वाच' हे त्यांचं पालुपद. चहा सांडला तरी कायदा वाच, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपत आला तरी कायदा वाच. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून हा माणूस विशीत इथं आला, आणि मी ओळखायला लागलो तेव्हा त्यांना सौदीत पंचवीस वर्षं उलटून गेली होती. उंच, वाकलेले, मेंदी लावलेली दाढी, खिशाला तीन पेनं आणि गळ्यात दोरीनं लटकणारं ते वाफेचं यंत्र. कुठल्या देशात वाफ चालते, कुठं दंड होतो, कुठल्या विमानतळावर बॅटरी हातातल्या सामानात ठेवायची, हे त्यांना तोंडपाठ. सौदीत आधी हे सगळं लपूनछपून होतं, मग कर लावून दुकानं उघडली. त्या दिवशी त्यांनी गोदामात खजूर वाटले. भारतात उलटं झालं. बंदी आली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"सिगारेट चालते, विडी चालते, तंबाखू मळून बत्तीशी काळी केली तरी चालते, आणि वाफ नाय चालत! माझी एकच इच्छा हाय रे. मावळतीला आमच्या जेटीवर पाय सोडून बसायचं, खाडीला भरती असावी, आणि एक पफ. एकच. तेवढ्यासाठी गुन्हेगार?"

दर शुक्रवारी ते मोबाईलवर बघत, बंदी उठली का. शनिवारी आमची गाठ पडत नसे, म्हणून रविवारी सकाळी मला निकाल कळे. "नाय उठली." मग लांब श्वास. "उठली की जातो कायमचा. खलास."

गावी त्यांनी चिऱ्याचं घर बांधलं होतं. ते पुरं झालं त्याच वर्षी त्यांची बायको गेली. मुलगी लग्न होऊन मुंबईकडे. किल्ली शेजाऱ्याकडे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, यंत्रातल्या कॉइलला तार गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता. त्यामुळे बंदी हे कायमचं न जाण्याचं खरं कारण होतं की सोयीचं, हे मी कधी विचारलं नाही.

सुट्टीवर जाताना मात्र ते बंदी काटेकोर पाळत. सगळं सामान, म्हणजे यंत्रं, टाक्या, तारेची रिळं, कापूस, ओहम मोजायचं मीटर, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून टेपनं बंद करत, वर यादीच्या दोन प्रती, आणि माझी सही घेत. "मिळाले, मोजून," असं मला लिहावं लागे. महिनाभर बिनवाफेचे राहून परत आले की विमानतळावरून थेट माझ्या दारात. आधी खोकं, मग पाणी.

मला या मार्गाला त्यांनीच लावलं. मी वीस वर्षं सिगारेट ओढत होतो, दिवसाला पाकीट. एका वर्षी डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यावर धरला आणि काही न बोलता तसाच धरून ठेवला. माझी बायको सुनंदा लग्नाआधी नर्स होती, तिला बोलायची गरज पडली नाही. ती रडली. दुसऱ्या आठवड्यात इस्माईलभाईंनी माझ्या गळ्यात एक यंत्र अडकवलं. "सिगारेट बंद. आजपासून तू माझ्या खात्यात."

तेव्हापासून रविवारी सकाळी माझी टाकी तेच भरत. लिक्विड ते स्वतः कालवत. ग्लिसरीन, वास, आणि निकोटीन थेंब मोजून. मला हात लावू देत नसत. "स्टोअरमधला माल स्टोअरकीपर काढतो. कायदा वाच." वासही तेच ठरवत. एका महिन्यात मी फणसासारखा वास मारत होतो. इंडियन स्कूलमध्ये शिकणारा माझा मुलगा म्हणाला, "पप्पा, यू स्मेल लाइक अ बेकरी." इस्माईलभाईंना सांगितलं तर म्हणाले, "बेकरी? त्याला फणस माहीत नाय? हे तुझं पाप हाय, साळवी."

रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला आम्ही रेघेपलीकडे बसत असू. दहा दहा मिनिटं. कधी इजिप्तचा हिशेबनीस हमदी यायचा. त्याचं यंत्र गळायचं. इस्माईलभाई ते उघडून, रुमालानं पुसून, त्याला हिंदीत झापायचे आणि तो अरबीत माफी मागायचा. मग वॅट किती ठेवावे यावर वाद. इस्माईलभाईंचं मत ठाम होतं: "ढग मोठा काढणारा माणूस मनानं लहान असतो." ते स्वतः इतकी बारीक वाफ सोडत की ती वाऱ्यावर कुठं जाते हे बघायला मान वळवावी लागे. बाकड्याशेजारी गोदामाच्या एसीचं पाणी ठिबकायचं, तिथं त्यांनी अळू लावलं होतं. गावाहून कंद आणला होता. मोठी पानं झाली की वर्तमानपत्रात गुंडाळून मला देत. "वहिनीला सांग, चिंच जास्त घाल. जेद्द्याचं अळू हाय, खाजरं हाय."

शेवटच्या वर्षात मी कधी कधी म्हणायचो, "इस्माईलभाई, आज जरा कडक लागतंय."

ते गंभीरपणे मान हलवत. "होय. नवीन माल हाय. बेतानं ओढ."

आता मूळ गोष्टीकडे येतो. इतका वेळ टाळत होतो.

त्या वर्षांत एकेक काम सौदी माणसांसाठी राखीव होत होतं. आमच्याकडे आधी रिसेप्शन गेलं, मग सेल्स, मग आमच्यावर आलं. त्यात गैर काही नव्हतं. देश त्यांचा, मुलं त्यांची. एका सकाळी मॅनेजर नबीलसाहेबांनी मला आत बोलावलं. ते लेबनॉनचे, स्वतःच्याच खुर्चीची त्यांना धास्ती होती. म्हणाले, कारकून आणि स्टोअरकीपर, दोन्ही जागा जाणार. पण एकाचा हुद्दा बदलून इकामा चालू ठेवता येईल. दुसऱ्याला फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी. दोघांच्या हजेरीचा आणि शिस्तीचा रिपोर्ट करून दे.

"माझाही मीच करू?" मी विचारलं.

"फाईल तूच ठेवतोस ना?" ते म्हणाले. "यल्ला, लाग कामाला."

मुलाची दहावी होती. सुनंदाचा आणि त्याचा इकामा माझ्या इकाम्यावर होता. हे मी कारण म्हणून सांगतो आहे, माफी म्हणून नाही.

मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. माझ्या नावापुढे लिहिलं: उशीर नाही, तक्रार नाही, धूम्रपान सोडले आहे. इस्माईलभाईंच्या नावापुढे लिहिलं: उशीर नाही, तक्रार नाही. मग पेन थांबलं. मग लिहिलं: रोज दोनदा, एकूण वीस मिनिटं, निकोटीनचं उपकरण ओढण्यासाठी कामाची जागा सोडतात.

त्या वीस मिनिटांत त्यांच्या शेजारी कोण बसलेलं असे, हे लिहिलं नाही.

नबीलसाहेबांनी रिपोर्ट वाचला, दोनदा मान हलवली आणि त्यांची अडचण सुटली. नियमाप्रमाणे एक प्रत इस्माईलभाईंना गेली आणि पोचल्याची सही होऊन माझ्याकडे परत आली. तिन्ही पेनांपैकी हिरव्या पेनानं. हिरवं पेन ते माल तपासून घेतल्यावर वापरत.

त्या दिवशी दहाला मी बाहेर जाणार नव्हतो. पण ते माझ्या टेबलाशी आले. "चल. दहा वाजले." बाकड्यावर ते हमदीच्या गळक्या टाकीबद्दलच बोलले. मला वाटलं, त्यांनी न वाचताच सही केली असेल. मग आठवलं, हा माणूस खोक्यावरची 'वरची बाजू' ही अक्षरंसुद्धा वाचतो.

पुढचे दोन महिने त्यांनी आपल्या जागेवर आलेल्या फैसल या सौदी मुलाला गोदाम शिकवलं. कुठली खाट कुठं, कुठल्या व्हीलचेअरचं चाक सुटं येतं. शिवाय तो वाफ ओढायचा, त्यामुळे कॉइल गुंडाळायलाही शिकवलं. त्याच्याकडून अरबीतले नियम मोठ्यानं वाचून घेत आणि अर्थावरून त्याच्याशीच भांडत. फैसल त्यांना 'अम्मी इस्माईल' म्हणायचा, म्हणजे काका. मला ते ऐकवत नसे.

शेवटच्या दिवशी चार वाजता ते खोकं घेऊन बाकड्यावर आले. टेपनं बंद केलेलं, वर यादी.

"ह्या खेपेला परत घ्यायला येणार नाय. तरी सही कर."

मी सही केली. म्हटलं, "इस्माईलभाई, तो रिपोर्ट..."

"वाचला मी. व्यवस्थित लिहिलायस. फक्त एक चूक हाय."

मी मान खाली घातली. मला माहीत होतं, ते कुठली चूक सांगणार.

"निकोटीनचं उपकरण लिहिलंयस. माझ्यात निकोटीन नाय. चार वर्षं झाली. नुसतं ग्लिसरीन आणि वास. कायद्यानं बघायला गेलं तर ती वाफ."

मला समजेना. "मग रोज दोनदा इथं येऊन ओढायचात कशाला?"

ते अळवाकडे बघत राहिले. "मी नाय ओढलं तर तू माझ्याबरोबर कशाला बसला असतास?"

मग खिशातून एक कार्ड काढलं. गोदामात प्रत्येक रॅकवर असं बिन कार्ड टांगलेलं असतं. माल किती आला, किती गेला, किती उरला. त्यावर मालाच्या जागी लिहिलं होतं: साळवी, निकोटीन. खाली त्यांच्या कोरीव अक्षरात ओळी, किती मिलिग्रॅम ते. अठरा. पंधरा. बारा. मग नऊ, सहा, तीन. प्रत्येक आकड्यापुढे रविवारची तारीख आणि छोटी सही. शेवटची ओळ गणपतीच्या आधीच्या रविवारची. शिल्लक: शून्य.

"वहिनीनं सांगितलं होतं. याला कळता कामा नये, म्हणाली. कळलं असतं तर लगेच आठवण झाली असती तुला. आठ महिने तू नुसता फणसाचा वास ओढतोयस."

"पण मला तर कडक..."

"होय तर!" ते पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "नवीन माल होता ना!"

मला हसू आलं नाही. मी त्यांच्या हिशेबात आठ महिने निर्व्यसनी होतो. त्यातल्याच एका दिवशी मी तो रिपोर्ट लिहिला होता. 'धूम्रपान सोडले आहे' हे माझ्या नावापुढचं वाक्य मला खोटं वाटत होतं, ते त्यांनी खरं करून ठेवलं होतं.

ते गेले. विमानतळावर मी गेलो नाही. घरी सुनंदाला कार्ड दाखवलं. तिनं ते घेतलं, पुसलं आणि देवाच्या फोटोमागे ठेवलं. "मला वाटलं होतं, तुम्ही त्यांना सोडायला जाल," एवढंच म्हणाली.

मी अजून दहाला आणि चारला त्या बाकड्यावर जातो. ओढत नाही. गळ्यात यंत्रही नाही. हमदीचं यंत्र अजून गळतं, फैसल ते पुसून देतो. पिवळी रेघ फिकट झाली तेव्हा मी टेप आणून पुन्हा मारली. बारा मीटर. अळू दाट झालं आहे. पानं काढायला हात धजत नाही, मग ती पिवळी पडून गळतात.

इस्माईलभाईंचा फोन येतो तो आमच्या दहालाच. तिकडे तेव्हा साडेबारा. "बंदी हाय अजून," ही पहिली बातमी. मग खाडीची, भरतीची. ते सकाळी पेजेच्या पातेल्यावर तोंड धरून बसतात म्हणे. "पेजेच्या वाफेला कायद्यात अडचण नाय." घर मोठं आहे, आवाज घुमतो, असंही एकदा म्हणाले आणि लगेच विषय बदलला.

गेल्या महिन्यात मी एक काम केलं. त्यांच्या बंद झालेल्या फाईलला एक कागद जोडला. दुरुस्ती: सदर उपकरणात निकोटीन नव्हते. आणि त्या वीस मिनिटांत मी, साळवी, रोज त्यांच्याबरोबर होतो. नबीलसाहेबांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "गेलेल्या माणसाची फाईल? खलास, साळवी." पण कागद काढला नाही.

हे मी इस्माईलभाईंना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे दूर कुठे होडीचं इंजिन वाजत होतं.

"तारीख घातलीस?"

"घातली."

"सही?"

"केली. हिरव्या पेनानं."

"मग ठीक. साळवी, दहा वाजून दहा मिनिटं झाली. आत जा. लिहील कुणीतरी."

मी आत गेलो नाही. तेही फोन ठेवत नव्हते.