गुल्हाने मॅडम आणि रिलेचा अर्थ

गुल्हाने मॅडम उभ्या माणसाच्या हातात कधी काही देत नाहीत. अमरावतीत आमच्या शेजारी राहायला आल्या, त्याच आठवड्यात त्या पातोडीच्या भाजीची वाटी घेऊन फाटकाशी आल्या. मी हात पुढे केला.

"असं नाही, सर. पाठ फिरवा. चाला. मी 'हात' मनलं का हात मांगं करा. वळून पाहू नोका."

मी पाठ फिरवली, चाललो, "हात!" ऐकलं, हात मागे नेला आणि पातोडीचा रस्सा माझ्या कोपरापासून पायजम्यापर्यंत सगळीकडे पोहोचला.

"सराव पाहिजे," मॅडम म्हणाल्या आणि दुसरी वाटी भरून आणली. ती माझ्या बायकोने बिनचूक घेतली. तेव्हापासून आमच्या घरात मला फारसा मान नाही.

मॅडम मोर्शीच्या एका मुलींच्या शाळेतून पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. घरात एकट्याच. शाळा सुटली तरी रिले काही सुटली नाही. भाजीवाल्या काकूसुद्धा आता "हात!" असं ओरडून त्यांच्या पिशवीत मेथी टाकतात. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दाचा प्रश्न माझ्या वाट्याला आला.

"रिलेले मराठीत काय मनता, सर?"

"साखळी शर्यत."

"साखळीची कडी कधी जागा सोडते का? दुसरा सांगा."

"टप्प्यांची शर्यत."

"टप्पे तं एस.टी.चेबी असते."

एकदा पेपर घेऊन तणतणत आल्या. बातमी होती, 'आंदोलकांचे रिले उपोषण सुरूच'. "एक उठला, दुसरा बसला, याले रिले कावून मनता? रिलेत बसाचं कामच नाही! देणारी पयते, घेणारीबी पयते, अन् दोघीइच्या मधात बॅटन थांबत नाही. थांबली का कारभार संपला." संपादकांना त्यांनी चार पानी पत्र लिहिलं. शुद्धलेखन मला तपासावं लागलं. पत्र छापून आलं नाही, पण त्या पेपरात नंतर 'साखळी उपोषण' असं यायला लागलं. मॅडमना तेही पटलं नाही.

यंदा सव्वीस जानेवारीला कॉलनीत बायकांची रिले ठेवली. पंच अर्थातच मॅडम, हातात माइक. शेवटच्या फेरीत एका सासूबाईंनी सुनेला बॅटन दिली आणि ती खणकन खाली पडली.

"हिले साधं धरताबी येत नाही!" सासूबाई म्हणाल्या. लोक हसले. सून मान खाली घालून उभी राहिली.

"तिले बोलू नोका!" माइकवरून मॅडमचा आवाज कडाडला. "घेणारी मांगं पाहतच नाही. तिचा इश्वास असते. बॅटन पडली तं चूक देणारीची असते. देणारीची..."

आणि त्या थांबल्या. मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्या हातात, चक्क समोरासमोर, त्यांनी माइक दिला आणि घरी निघून गेल्या. मी नारळ-बिरळ वाटून कार्यक्रम उरकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात. "मूर्तिजापूरले जाऊन राहिली, सर. तुमी येता का? एकटीची हिंमत होत नाही."

एस.टी.त खिडकीबाहेर बघत त्यांनी सांगितलं. शाळेत शिकत असताना त्यांची चौघींची टीम अकोल्याच्या मैदानावर धावली होती. तिसऱ्या मॅडम, शेवटची सिंधू. टीम सगळ्यांच्या पुढे होती.

"मांगच्या पोरीचा श्वास आयकू येऊन राहिला होता. मी घाबरली. सिंधूच्या मुठीत बॅटन बसाच्या आंधीच सोडून देली. सगळे तिलेच बोलले. थे रडून रडून सांगे, माहाच हात हालला असन. अन् मी बाजूले उभी. चूप."

"मग?"

"मंग काय, तिनं पयनं सोडलं. दुसऱ्या वर्षी लगन झालं तिचं. मी मात्र जलमभर पोरींले शिकवलं, का चूक देणारीची असते. जिले सांगाचं तिलेच नाही सांगतलं."

मूर्तिजापुरात सिंधूबाईंच्या घरचा फुलांचा धंदा. त्या अंगणात झेंडूचे हार ओवत बसल्या होत्या. मॅडमना पाहताच म्हणाल्या, "अवो माय, तू?" पण मॅडम बसल्या नाहीत. उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "सिंधू, थे बॅटन मी आंधी सोडली होती. तुहा हात नोता हालला."

सुई थांबली. "काय मनलं?"

"तुहा हात नोता हालला."

"नोता हालला?"

"नोता."

सिंधूबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. मग घराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "सुनबाई, भायेर ये वो! माहा हात नोता हालला!"

कणकेच्या हातांनी सुनबाई धावत आल्या आणि घाबरून सासूचा हात उलटसुलट करून पाहू लागल्या. "कोठी लागलं, आई?" त्यावर सिंधूबाई एवढ्या हसल्या की मांडीवरचा झेंडू सांडला.

हसू ओसरलं, तेव्हा चेहरा कठीण झाला. "इतके वर्स लागले तुले? अमरावती का विलायतेत हाय?"

मॅडम मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. पीटीच्या बाईंना रडताना पाहायची मला सवय नाही. मी कुंपणावरची गोकर्ण बघत राहिलो. बऱ्याच वेळाने मागे वळलो, तर सिंधूबाईंनी अर्धी फुलं मॅडमच्या पुढ्यात लोटली होती आणि दोघीही खाली बघून ओवत होत्या.

दुपारी जेवणं झाली. मी बससाठी उठलो, तशा मॅडमही उठल्या.

"तू कोठी चालली?" सिंधूबाई म्हणाल्या. "बस इथंच."

मी एकटाच परत आलो.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "सर, तेवढं तुळशीले पानी घालत जा. अन् दूधवाल्याले सांगा, सध्या नोको मनून."

"कधी येता, मॅडम?"

मागून कोणीतरी काहीतरी बोललं आणि दोन म्हाताऱ्या पोरींसारख्या खिदळल्या. हसू आवरायला मॅडमना वेळ लागला.

"थे तं तिलेच इचारा लागन, सर."