मुतखडा आणि महाभियोग

"मीठ मागितलं तर चालेल ना, की तेही खटल्यात मोडतं?" इडेलाने विचारलं.

ऑरिन ट्वाइटने मुकाट्याने मीठदाणी पुढे सरकवली. तो राज्याच्या सिनेटचा सदस्य. बायको इडेला राज्याची निवडून आलेली रस्ते आयुक्त, आणि सध्या तिच्यावर महाभियोग. खालच्या सभागृहाने साध्या बहुमताने आरोप मंजूर केले आणि ती त्याच दिवशी घरी बसली. दोषी की निर्दोष हे ठरवायचं सिनेटने, आणि दोषी ठरवायला दोन-तृतीयांश मतं हवीत. खटल्याबद्दल चकार शब्द काढणार नाही, अशी शपथ घेतल्यापासून ऑरिन हवापाण्याबद्दलही बोलेनासा झाला होता. कारण प्रकरण हवेपासूनच सुरू झालं होतं.

जानेवारीच्या हिमवादळात ऑरिनला मुतखड्याची कळ आली. अँब्युलन्स दोन तास येणार नव्हती. इडेलाने हमरस्त्यावरचा बर्फ काढणारा सरकारी ट्रक दारात बोलावला आणि नवऱ्याला ड्रायव्हरशेजारी कोंबलं. ट्रकने असे हिसके दिले की इस्पितळ येईपर्यंत कळ गेली, खडाही सापडेना. डॉक्टरांनी लिहिलं, 'प्रकृती ठणठणीत.' इकडे न उपसलेल्या बर्फात चार तास अडकले ते नेमके सिनेटर रॉइस केम्पर.

"ठणठणीत माणसासाठी सरकारी ट्रक!" केम्परनी राज्यभर बोंब ठोकली.

ट्रक हमरस्त्यावरून हलवायचा नाही, हा नियम ऑरिनला पाठ होता. ट्रक हलला होता, आणि हलला होता त्याच्याच कण्हण्यापायी. आता शपथ पाळायची की एकोणचाळीस वर्षांचा संसार सांभाळायचा? सहा आठवडे तो हाच हिशेब मांडत होता.

निकालाच्या दिवशी केम्पर उभे राहिले. "नवऱ्याला मत देऊ द्यायचं? मग खटला कशाला, लग्नाचा वाढदिवसच साजरा करू या!"

ठराव पास झाला. ऑरिनने जागेवर बसायचं, मत द्यायचं नाही. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

मतदान झालं. दोषी बावीस, निर्दोष अकरा. केम्पर हस्तांदोलनाला उठले, तोच सचिव ओपलबाई खाकरल्या.

"तेवीस लागतात, सिनेटरसाहेब."

"अहो, मतंच तेहतीस पडली! दोन-तृतीयांश म्हणजे बावीसच ना?"

"घटनेत 'मत देणारे' नाही म्हटलेलं, 'एकूण सदस्य' म्हटलंय. ते चौतीस. मिस्टर ट्वाइट काय, समोर बसलेत की."

तेहतीस माना ऑरिनकडे वळल्या. इडेला सुटली.

संध्याकाळी जेवताना ऑरिनने धीर केला. "इडेला, मला मत देऊ दिलं असतं ना, तर मी..."

"'दोषी' म्हणाला असतास. माहितीये." तिने त्याला कॅसेरोल वाढलं.

"राग नाही आला?"

"खोटं बोलला असतास तर आला असता. आणि खरं बोलून तू जन्मभर झुरत बसला असतास. म्हणून चर्चमध्ये गोधडी शिवताना मी केम्परच्या बायकोच्या कानात सोडून दिलं, 'ऑरिनचं मत काय गं, माझ्या खिशातच आहे!' मग केम्पर तुला मत देऊ देतात होय? घटना मलाही वाचता येते."

सहा आठवड्यांनी ऑरिन बोलायला मोकळा झाला होता. त्याने आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवली.

"अरे, ताट राहिलं तिकडे!" इडेला म्हणाली, आणि जरा सरकून बसली.