भाषा यशस्वीरीत्या बसवली आहे

बायको गेल्यावर घरच्या संगणकात तिने लिहिलेला एक छोटा प्रोग्राम सापडला. संध्याकाळच्या वर्गात ती प्रोग्रामिंग शिकत होती, तिथे तिने तो माझ्यासाठी केला होता. तो विचारणार, "रक्तदाबाची गोळी घेतली का?" मी 'हो' लिहिलं की म्हणणार, "खोटं बोलू नका, पाकीट फोडलेलंसुद्धा नाही." 'नाही' लिहिलं की, "वाटलंच." फाइल उघडून हे मी वाचलं होतं. पण मला ते वाचायचं नव्हतं, तिने विचारायला हवं होतं. त्यासाठी ती प्रोग्रामिंगची भाषा घरच्या संगणकात बसवणं आवश्यक होतं.

भाषेच्या अधिकृत पानावर 'नवशिक्यांसाठी अगदी सोपे' असं लिहिलं होतं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. नव्या भाषेसाठी आमचा संगणक जुना निघाला आणि जुनी भाषा सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद करण्यात आली होती. म्हणून संगणकाचं नूतनीकरण केलं. त्यात प्रिंटर गेला. मग पडद्यावर आलं, 'अभिनंदन, भाषा यशस्वीरीत्या बसवली आहे.' लगेच त्या भाषेला हाक मारली, तर तोच संगणक म्हणाला, 'अशी कोणतीही भाषा आढळली नाही.' जिला स्वतः दार उघडून आत घेतलं, तिचा पत्ता तो आता मला विचारत होता.

इंटरनेटवर जाणकारांच्या मंचावर प्रश्न टाकला. तो बंद करण्यात आला, कारण पूर्वी विचारला गेला होता. पूर्वीचाही बंद होता, कारण तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता. एका जाणकाराने मात्र आपुलकीने लिहिलं, "मुळात ही भाषा हवीच कशाला?"

शेवटी मुलीने जावयाला आणलं. त्याची हयात याच धंद्यात गेलेली.

"तुम्ही कशी बसवली होती?" मी विचारलं.

"मी कशाला बसवू, बाबा? ऑफिसात बसवलेलीच मिळते."

"आणि ऑफिसात कोण बसवतं?"

"आधीच्या माणसाच्या मशीनवरून उचलतात."

"आणि त्याने?"

"बाबा, जरा सरकता का?"

तरी त्याने भाषा कुठे बसली आहे तो पत्ता संगणकाला घालून दिला. भाषा सापडली आणि तिने बायकोच्या पहिल्याच ओळीवर हरकत घेतली. लिहिण्याची ही पद्धत आता चालत नाही म्हणे. जावयाने ओळ काढली. मग भाषेला दुसरी खटकली.

"तिच्या ओळी राहू द्या की हो."

"बाबा, प्रोग्राम चालायला हवा ना? मग ओळींचं काय घेऊन बसलात?"

पुढे मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटू लागले. तेव्हा त्याने ऑफिसातला एक तयार संच आणून बसवला. त्यात अक्षरं नीट दिसतात, वाक्यं मात्र त्या संचाचीच येतात.

"आणि जुनी फाइल?"

"तिच्यावरच हे नवं साठवलं. दोन ठेवल्या की गोंधळ होतो."

प्रोग्राम चालला. 'आपण औषध घेतले आहे का?' मी 'नाही' लिहिलं. 'आपला प्रतिसाद नोंदवण्यात आला आहे. धन्यवाद.' मी 'हो' लिहून पाहिलं. तेच उत्तर आलं.

"आईला किती बरं वाटलं असतं," मुलगी डोळे पुसत म्हणाली.

संगणक आता एकही चूक दाखवत नाही. तुम्हालाही यात काही चुकल्यासारखं वाटत नसेल, तर तुमच्याकडेही भाषा नीट बसली आहे, असं समजायला हरकत नाही.