सात गाठींची पिशवी

निवृत्तीअण्णांच्या शेतातून बाहेर पडताना चपला झटकाव्या लागतात. आपली चिमूटभर माती कुणाच्या तळव्याला चिकटून गेलेली त्यांना खपत नाही.

मी सिन्नरला माती तपासायच्या केंद्रात नोकरीला, म्हणजे माझ्यावर दुप्पट संशय. दर उन्हाळ्यात अण्णा दोन पिशव्या घेऊन येतात. प्रत्येकीला सात गाठी. त्या त्यांनीच सोडायच्या आणि काम संपेपर्यंत स्टूल सोडायचं नाही. "डोळ्यादेखत करा साहेब," हे पालुपद. एकदा मी चहाला उठलो, तर पिशव्या काखोटीला मारून तेही टपरीवर हजर.

एक पिशवी त्यांच्या रानातली. तिथे शेणखत नि पालापाचोळा. दुसरी बांधापलीकडच्या धाकट्या भावाच्या रानातून गुपचूप उचललेली. तिथे नुसता युरिया. दोघा भावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे. पाचोळा-शेण कुजून मातीत जे मुरतं त्याला आम्ही सेंद्रिय कर्ब म्हणतो. दरवर्षी अण्णांचा कर्ब जास्त भरायचा आणि ते मिशीत हसायचे.

यंदा दोन्ही आकडे जवळपास सारखे आले. आता हा माणूस मला चोर ठरवणार, म्हणून मी अंग चोरून बसलो. पण अण्णा चक्क खूश. भावाच्या नावाचा कागद त्यांनी वेगळा मागून घेतला. आता संशय मला आला.

रविवारी शेतावर गेलो. बांधालगत भावाच्या रानाचा हातभर पट्टा काळाभोर, भुसभुशीत. त्यापुढे नुसती टणक ढेकळं. काय ते अण्णांच्या घरच्या काकूंनीच सांगून टाकलं. जमीन मेली म्हणून भाऊ ती प्लॉटवाल्याला विकायला निघाला होता. ते कळल्यापासून अण्णा रोज पहाटे शेणखताच्या टोपल्या बांधावरून पलीकडे ओतत होते. शिवाय तपासायला माती आणली तीही त्याच पट्ट्यातली. जमीन जिवंत आहे असं सांगणारा तो कागद भावाच्या दाराखालून सरकवायचा बेत होता.

मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं. म्हटलं, "अण्णा, हा आकडा तुमच्या टोपल्यांचा आहे. खरा हवा असेल तर त्यांच्या रानात हिंडून आठ-दहा ठिकाणची माती घ्यावी लागेल."

"म्हंजी त्याला इचारावं लागंल."

"मग विचारा की."

अण्णा बांधावर टेकले. पलीकडे भाऊ पाठमोरा काहीतरी खणत होता. त्याच्यावरची नजर न काढताच अण्णा म्हणाले, "तुमी संगं याल का, साहेब? तो नाय म्हणला, तर मला एकट्याला ते ऐकवणार नाय."