टोपल्याखालचं झाड

तुळशीराम काकांना कोणी नाव विचारलं, तर ते "ओसीमम सँक्टम राम" असं सांगतात, म्हणजे तुळशीचं लॅटिन नाव आणि पुढे राम, आणि समोरच्याचा चेहरा पाहत शांत उभे राहतात. गावात नवा पोस्टमन आला तेव्हा याच कारणाने त्यांचं एक पत्र दोनदा परत गेलं होतं.

काका आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. शिक्षण सातवी. पण वर्षानुवर्षं बरण्या पुसून आणि वाळलेल्या रोपांवर चिठ्ठ्या चिकटवून सगळी लॅटिन नावं त्यांच्या तोंडात बसली, आणि त्यांच्या गर्दीत मराठी नावांना जागा उरली नाही. निवृत्त होऊन ते वरवट बकालला, आपल्या गावच्या घरी राहायला आले. आठवडी बाजारात त्यांनी भाजीवालीकडे अर्धा किलो सोलॅनम मेलोंजेना मागितलं. ती बिचारी म्हणाली, "ते आज आलं नाही बाप्पा. वांगे घेऊन जा." काका वांगीच मागत होते.

बायकोला, म्हणजे गिरजाकाकूंना, ते चारचौघांत 'जास्मिनम' म्हणत. जास्मिनम म्हणजे मोगरा. काकू कपाळाला हात लावत. "लोकाईले वाटते, हा माणूस मले शिव्या देते," असं त्या सांगत, पण हाक आली की पहिल्या हाकेला उठत.

माझं लग्न जमत होतं तेव्हा मुलीकडची माणसं चौकशीला काकांकडे गेली. मुलाचं कुळ कोणतं, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "मालव्हेसी. एक नंबर कुळ." पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. वनस्पतिशास्त्रात कपाशी ज्या कुळात येते त्याचं ते नाव आहे. माझे आईवडील दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायचे, एवढंच काकांना सांगायचं होतं. ते लग्न मोडलं नाही, हे माझं नशीब.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्रात्यक्षिक परीक्षेत टेबलावर झाडांचे नमुने मांडून ठेवतात, त्यांना 'स्पॉट' म्हणतात. प्रत्येकासमोर मिनिटभर थांबून नाव लिहायचं. तिसऱ्या स्पॉटपाशी माझं डोकं कोरं झालं. काका खिडकीजवळ उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त आपल्या खाकी शर्टाच्या बाहीतून एक दोरा ओढून काढला आणि बोटाला गुंडाळला. दोरा म्हणजे सूत, सूत म्हणजे कापूस, कापूस म्हणजे मालव्हेसी. पुढचं मला आपोआप आठवलं. निकालानंतर पाया पडायला गेलो तर म्हणाले, "म्या काही सांगतलं नाही बे तुले. सांगतलेलं नाव राह्यत नाही. आठवलेलं राह्यते."

आज मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्याच्या मुळाशी तो दोरा आहे. म्हणून रविवारी काकांकडे माझी एक चक्कर असतेच.

यंदा पावसाळ्यात काकांच्या अंगणात, न्हाणीच्या मोरीजवळ, एक रोप आपोआप उगवलं. काकांना त्याचं नाव येईना. त्यांनी त्यावर टोपलं पालथं घातलं. आजूबाजूला कोणी नसलं की टोपलं उचलून बघायचं, कोणी आलं की झाकायचं. शेजाऱ्यांना आणि मलाही ताकीद दिली की हा परीक्षेचा स्पॉट आहे, नाव फोडायचं नाही. रोप वाढत गेलं तशा टोपल्याखाली विटा वाढत गेल्या. एका रविवारी मी गेलो तेव्हा टोपलं कमरेइतक्या उंचीवर पोचलं होतं आणि दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली होती. त्यात टॉवेल, दंतमंजन आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

"कुठं चालले काका?"

"ठाण्यात," ते हळूच म्हणाले. "कोणी पकडाच्या आधी आपणच गेलेलं बरं. नाव आलं, पण अर्धंच येऊन राह्यलं. कॅनाबिनस. गांजा हाय बे. माह्या अंगणात गांजा."

त्यांनी टोपलं उचललं. ती अंबाडी होती. वऱ्हाडात पहिलीतलं पोरगंही जिचं पान आंबट तोंड करून ओळखतं, ती अंबाडी. ती कपाशीच्याच कुळातली, आणि पान गांजाच्या पानासारखं दिसतं म्हणून तिचं लॅटिन नाव हिबिस्कस कॅनाबिनस. काकांच्या डोक्यातून पहिला शब्द गळून पडला होता आणि उरलेल्या अर्ध्या नावाच्या धाकाने त्यांनी पिशवी भरली होती.

काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "म्या पहिल्याच दिवशी सांगतलं, अंबाडी हाय म्हणून. तर मले म्हणे, तू बॉटनीची आहेस का? अन् मंग ओट्यावर बसून रडले. काल मुद्दाम भाजी केली अंबाडीची, म्हटलं चवीनं तरी आठवन. दोन भाकरी खाल्ल्या, आणखी मागतली, हात धुतला अन् पुन्हा टोपल्यापाशी." मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले, मले 'अहो बाई' म्हणून हाक मारतात."

मी अंगणात आलो. नाव सांगण्यात अर्थ नव्हता, सांगितलेलं नाव राहत नाही. मी रोपाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं नाही. बाहीच्या शिवणीतून एक दोरा ओढला आणि बोटाला गुंडाळला.

काका बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उघडत गेला. "मालव्हेसी," ते म्हणाले. "हिबिस्कस. हिबिस्कस कॅनाबिनस. अंबाडी हाय बे ही. काऊन बोलला नाहीस?" त्यांनी एक पान तोडून चावलं. खिशातून चिठ्ठी काढून आपल्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं आणि ती बुंध्याला बांधली. पिशवी रिकामी केली. मग माझ्याकडे संशयाने पाहत म्हणाले, "कॉपी तं नाही केली ना म्या?"

"नाही काका. मी काही सांगितलं नाही. तुम्हाला आठवलं."

"हाव. आठवलेलं राह्यते."

पुढच्या रविवारी गेलो तर टोपलं पुन्हा विटांवर होतं. पिशवी दाराशी होती. बुंध्यावरची चिठ्ठी काकांनी सोडून हातात धरली होती. "अक्षर ओळखीचं वाटते," ते मला म्हणाले, "पण कोण्या तरी कॉपीबहाद्दरानं लावून ठेवली. असं नाव आपल्याले चालत नाही."

मी दोरा ओढला.

आता रविवारसाठी मी एक जुना सुती शर्ट वेगळा ठेवला आहे. त्याच्या उजव्या बाहीची शिवण मनगटापासून कोपरापर्यंत उसवली आहे. बायको शिवून देते म्हणते, मी नको म्हणतो.

मागच्या खेपेला निघताना काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. काका अंगणात पान चावत, स्वतःवर खूश होऊन उभे होते. काकूंनी माझ्या बाहीकडे पाहिलं, मग मान वळवून काकांकडे पाहिलं.

"काऊन रे," त्यांनी विचारलं, "मोगऱ्यासाठी काय खूण होती त्याईची?"

मी खूप आठवून पाहिलं. मोगरा आम्हाला परीक्षेत कधी आलाच नव्हता.