अट क्रमांक अकरा

साहेब, चूक तुमची आहे. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. ज्यानं सहा महिने एका पोरीच्या मेलला उत्तर दिलं नाही, त्याला आपण कोण ते ठाऊक आहे.

ती पोरगी म्हणजे स्वरदा. जालना रोडवरच्या एका छोट्या कंपनीत वेबसाइटी बनवते. नळजोडणीचे अर्ज ऑनलाइन घ्यायचं तुमच्या कार्यालयानं ठरवलं आणि काम तिच्याकडं आलं. तिनं रीतसर प्रश्न पाठवले. कोणती माहिती भरल्याशिवाय फॉर्म पुढं जाऊ द्यायचा नाही? कोणी घाईत बटण दोनदा दाबलं तर अर्ज एक धरायचा की दोन? माणूस नुसता बसून राहिला तर किती मिनिटांनी साइटनं त्याला बाहेर काढायचं? आणि अटी-शर्ती काय, त्या लिहून द्या. सगळ्यांना मिळून तुमचं एकच उत्तर आलं, तेही फोनवर. "तुमच्या हिशोबानं करून टाका. अटी काय, कोणी वाचतं का?"

मग तिनं तिच्या हिशोबानं केलं. बाहेर काढायला दहा मिनिटं ठेवली. अटींची जागा रिकामी दिसू नये म्हणून आधीच्या एका कामातला मजकूर चिकटवला. ते काम होतं पोहण्याच्या तलावाचं. 'सभासद' काढून सगळीकडं 'अर्जदार' केलं आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, 'हा मजकूर बदलणे'. तुम्ही मजकूर बदलला नाहीत. लाल ओळ तेवढी काढायला लावलीत, कारण उद्घाटनाच्या फोटोत ती वाईट दिसत होती.

आता अटी वाचणारा माणूस या शहरात एकच होता, आणि तो स्वरदाच्याच घरात होता. तिचे वडील दत्तोपंत. चौतीस वर्षं सरकारी कारकुनी केलेला माणूस. औषधाच्या डबीतला बारीक अक्षरांचा कागद सगळा वाचल्याशिवाय गोळी गिळत नाहीत, तोवर ताप आपोआप उतरतो. बीड बायपासच्या पलीकडं त्यांनी घर बांधलं त्याला सात वर्षं झाली. नळ अजून नाही, बोअर फेब्रुवारीतच खाकरायला लागते आणि टँकर नवव्या-दहाव्या दिवशी येतो. त्यामुळं शुक्रवारच्या शेवटच्या तारखेआत अर्ज करायचाच, असं घरात ठरलं होतं. हुकला तर पुढची यादी कधी निघेल हे देवालाही माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी ते बसले. 'मी वरील अटी वाचल्या आहेत' या चौकटीत न वाचता खूण करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सहाव्या अटीशी आले की दहा मिनिटं व्हायची आणि साइट त्यांना बाहेर काढायची. पाच वेळा काढलं. शेवटी त्यांनी फुलस्केप घेतला, दोन-दोन करून सगळ्या अटी उतरवल्या, निवांत वाचल्या आणि मग खूण केली. संध्याकाळी स्वरदा घरी आली तेव्हा तिच्या आईचं, मीनाक्षीताईंचं, डोक्याचं तेल बंद झालं होतं. अट सात: अंगाला वा केसांना तेल लावून येऊ नये.

"स्वरदा, टोपी रबरीच पाहिजे का गं?" दत्तोपंतांनी विचारलं. "माझी गांधी टोपी चालणार नाही?"

स्वरदानं फुलस्केप बघितला, सगळ्या अटी तिनंच चिकटवलेल्या निघाल्या. तिनं सगळं खरं सांगितलं. दत्तोपंतांनी फुलस्केपची घडी घातली.

"असेल तलावाचं. पण आता सरकारच्या पानावर आहे ना? मग सरकारचंच."

"बाबा, मी टाकलंय ते."

"तू टाकलंस. मंजूर कोणी केलं?"

म्हणून मंगळवारी तिनं तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, उद्घाटन झालं म्हणजे मजकूर मंजूर झाला, आता एक अक्षर हलवायचं तर फाईल चालवावी लागेल, पंधरा दिवस धरा.

बुधवारी दत्तोपंत ऑनलाइन भरलेल्या अर्जाचे कागद तपासून घ्यायला तुमच्या कार्यालयातल्या खिडकीवर गेले. काखेत टॉवेल, डोक्यावर टोपी. अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्वरदा सोबत. खिडकीत काकासाहेब होते, पिशोरकडचे, सरळ माणूस. त्यांनी टॉवेलकडं बघितलं, दत्तोपंतांनी बोट ठेवलेल्या टॉवेल-टोपीच्या अटीकडं बघितलं, मग आपल्या स्क्रीनकडं बघितलं. अट खरंच होती. दोन दिवसांत त्यांनी दोनशे अर्ज बिनटॉवेलाचे घेतले होते. उद्या तपासणी लागली तर काय, या विचारानं त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी रांगेला सांगून टाकलं, टॉवेल-टोपी असेल त्यानंच थांबायचं. निम्मी रांग पैठण गेटच्या बाजाराकडं पळाली. तासाभरात कोणी पंचा आणला, कोणी सोलापुरी चादर, आणि एक जण टोपी मिळेना म्हणून पुतण्याच्या लग्नातला फेटा बांधून आला. दत्तोपंत आपल्या कागदाची ओळ न् ओळ वाचत होते, तोवर त्याचं काम सगळ्यात आधी झालं.

"आता इथं सही करा काका," काकासाहेब दत्तोपंतांना म्हणाले. "सगळ्या अटी पाळल्या म्हणून. झालं तुमचं."

दत्तोपंतांनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. "अकरावी राहिली."

अट अकरा: अर्जदाराने पाण्याजवळ येण्यापूर्वी स्वच्छ आंघोळ केलेली असावी.

"टँकर येऊन नऊ दिवस झाले," दत्तोपंत म्हणाले. "ओल्या पंचानं अंग पुसतोय. त्याला आंघोळ म्हणता येत नाही."

"करा हो सही. कोण वास घेतंय तुमचा?"

"खोट्याखाली सही केली नाही कधी. आता कशाला?"

स्वरदा खिडकीशी वाकली. "बाबा, ही साइट मी बनवलीय. ती अट खोटी आहे. परवा मुदत संपतीय, पाया पडते, करा सही."

"ताई, तुम्ही बनवली व्हय?" काकासाहेबांना हायसं वाटलं. "मग लई बरं झालं. तसं लेखी द्या."

लेखी तिच्याकडं नव्हतं. ते तुमच्याकडं असायला पाहिजे होतं.

दत्तोपंत बाकावर बसले आणि त्यांनी मांडीवर अर्ज लिहिला. अट क्रमांक अकरा पाळण्यास अर्जदार तयार आहे, त्यासाठी दोन बादल्या पाणी मिळावे, न मिळाल्यास कारण लेखी कळवावे. अर्ज त्यांनी आवकला टाकला, शिक्का घेतला आणि स्वरदाला हळूच सांगितलं, "अटीबद्दल लेखी विचारलंय. उत्तर येईपर्यंत अर्ज बाद करता येत नाही. घाबरू नको."

मागच्या माणसानं हे ऐकलं. त्याचीही आंघोळ झालेली नव्हती. त्यानं खाली सही केली, मग त्याच्या मागच्यानं. फेटेवाला परत आला आणि आपला कागद रद्द करून सही करून गेला. शेवटी काकासाहेबांनी इकडंतिकडं बघितलं, खिडकीची फळी अर्धी ओढली आणि स्वतःही सही केली. त्यांच्या गल्लीचा पाण्याविना अकरावा दिवस होता.

साहेब, तो अर्ज आवक नंबरासकट तुमच्या टेबलावर आहे. माणसं आंघोळीला तयार आहेत, टॉवेल घेऊन रांगेत उभी आहेत. पाणी कधी सोडताय?